काट्याच्या व्हीएममधली फ्लॉपी: प्रकल्प नोंदी

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

पोळा आटोपला. जिनिंगचे रेचे (कापसातून सरकी काढणारी यंत्रं) बंद आहेत, कापूस दिवाळीच्या आसपास येईल. सर्व्हरला हात लावायचा तर हेच दिवस.

जिनिंग यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या पुढे, रस्त्याला लागूनच. ऑफिसात एकच टॉवर सर्व्हर आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्स), केव्हीएम आणि क्यूएमू ही व्हीएम चालवणारी जोडी, आणि तीन व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारे नकली कॉम्प्युटर. ‘काटा’मध्ये विंडोज ७ आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. ‘हिशेब’मध्ये विंडोज १०, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आणि चुकारे. ‘साठा’ हे बॅकअपचं लिनक्स. काट्याचा जुना कॉम्प्युटर जळाला तेव्हा त्याची हार्डडिस्क जशीच्या तशी व्हीएममध्ये उतरवली गेली, म्हणून हे विंडोज ७ अजून जिवंत आहे. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, नवीन विंडोज हवं तर नवीन सॉफ्टवेअर विकत घ्या. दिवाणजी म्हणतात, वजन बरोबर येते, तं नवीन कायले?

त्यांचाच प्रश्न या कामाचं मूळ आहे: “एका डब्यात तिन्ही ठेवले तुम्ही. एकाले रोग लागला तं दुसऱ्याले लागते का?”

तेव्हा ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. खरं उत्तर ‘सहसा नाही’ असं आहे, आणि हे ‘सहसा’ नेमकं कशावर टिकून आहे ते तपासायचं आहे.

२९ ऑगस्ट

पाया आधी लिहून ठेवतो, पुढे भाचीला समजवायला लागेल.

तिन्ही व्हीएमची मेमरी एकमेकांपासून वेगळी ठेवण्याचं काम प्रोसेसर स्वतः करतो, केव्हीएम फक्त त्याची मांडणी करतो. हा भाग छोटा आहे आणि मजबूत आहे. अगदी निर्दोष नाही. २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने एएमडी प्रोसेसरवरच्या नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधली एक चूक दाखवली होती, तिच्यातून पाहुणं यंत्र (आतला व्हीएम) थेट केव्हीएम फोडून बाहेर येऊ शकत होतं (सीव्हीई-२०२१-२९६५७; सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकीचा नोंद क्रमांक). आपल्याला व्हीएमच्या आत व्हीएम चालवायचाच नाही, म्हणून नेस्टेड आजच बंद केलं.

पण नुसत्या प्रोसेसर आणि मेमरीवर विंडोज चालत नाही. त्याला डिस्क लागते, नेटवर्क कार्ड, पडदा, कीबोर्ड लागतो. यातलं बरंचसं खरं नसतं, क्यूएमू त्याची नक्कल करतो. आणि क्यूएमू म्हणजे डेबियनवर चालणारा एक साधा प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिलेला, फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला. आतलं विंडोज एखाद्या पोर्टवर काही आकडे लिहितं, तेव्हा त्या आकड्यांवर बाहेर क्यूएमूचा कोड चालतो. आकडे पाहुण्याचे, मेमरी यजमानाची (बाहेरच्या डेबियनची). कोडने मर्यादा नीट तपासली नाही, की पाहुणा क्यूएमूच्या स्वतःच्या मेमरीत लिहू लागतो. व्हीएम फोडून बाहेर आल्याच्या बऱ्याचशा जाहीर घटनांचं मूळ या नकली उपकरणांतच आहे.

म्हणजे दिवाणजींच्या प्रश्नाचं उत्तर ‘काटा’ला कोणकोणती नकली उपकरणं जोडली आहेत यावर अवलंबून आहे. क्यूएमूच्या मॉनिटरवर (आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘इन्फो क्यूट्री’ दिला आणि यादी काढली. व्हीएमची मांडणी लिहिलेल्या एक्सएमएल फाइलवर भरवसा ठेवायचा नाही, कारण लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि क्यूएमू दोघेही आपल्या मनाने गोष्टी घालतात.

यादी पाहून हसू आलं. मदरबोर्ड आय-४४०-एफएक्स, म्हणजे नव्वदच्या दशकातला इंटेलचा संच. सिरस लॉजिक पडदा. ई-१००० नेटवर्क कार्ड. यूएसबी नियंत्रक, त्यावर टॅब्लेट (माऊसचं काम करणारं नकली उपकरण) आणि काट्याच्या वायरचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर. साउंड कार्ड. सीडी ड्राइव्ह. आणि एक्सएमएलमध्ये नावसुद्धा नसलेला फ्लॉपी नियंत्रक.

काट्यावर बसणाऱ्या काकांना सांगितलं. “फ्लॉपी? ते तं आयटीआयले पाह्यली होती मी. ते इथं काऊन हाये?”

काऊन हाये, हाच प्रश्न आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

भाची यवतमाळहून आली. पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर, दुसरं वर्ष, सी येते. तिला फ्लॉपीपासूनच सुरुवात करून दिली, कारण या विषयाचा यापेक्षा चांगला धडा माझ्या माहितीत नाही.

१३ मे २०१५ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांनी ‘व्हेनम’ जाहीर केलं, सीव्हीई-२०१५-३४५६. फ्लॉपी नियंत्रकाकडे ५१२ बाइटची एक जागा असते, आज्ञा आणि तिच्यासोबतची माहिती तिथे एकेक बाइट करून जमा होते. पुढचा बाइट कुठे ठेवायचा, तो आकडा वेगळा. आज्ञा पूर्ण झाली की आकडा शून्यावर यायला हवा. बहुतेक आज्ञांमध्ये येतो. ‘रीड आयडी’ आणि ‘ड्राइव्ह स्पेसिफिकेशन’ या दोन आज्ञांमध्ये तो वेळेवर शून्यावर येत नव्हता, त्यामुळे पाहुणा बाइट पाठवत राहिला की आकडा ५१२ च्या पुढे सरकत जायचा. हा कोड २००४ पासून तसाच होता. केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएम चालवणाऱ्या या सगळ्यांनी तोच घेतलेला. आणि खरी गंमत अशी की व्हीएमला फ्लॉपी जोडलेली नसली तरी नियंत्रक चालूच असायचा.

दुरुस्ती छोटीशी: जागेचा आकडा वापरण्याआधी त्याला ५१२ ने भागून बाकी घ्यायची. आकडा शून्यावर का येत नाही त्याचा शोध नंतर, आधी तो हद्दीबाहेर जाणार नाही एवढं पक्कं केलं. मला ही पद्धत पटते.

भाचीने तेवढंच वागणं सीमध्ये लिहिलं. छोटा प्रोग्रॅम: मॅलॉकने (मेमरी मागून घेण्याच्या आज्ञेने) घेतलेली ५१२ बाइटची जागा, एक आकडा, आणि शून्यावर न येणारी एक आज्ञा. साधा कंपाइल करून चालवला तर काहीच झालं नाही. प्रोग्रॅम गुमान चालला आणि गुमान संपला. “मामा, हे तं बरोबर चालून राह्यलं!” मग तोच अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून कंपाइल केला. लगेच पडदाभर लाल अक्षरं: हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मागून घेतलेल्या जागेची हद्द ओलांडली, ५१२ बाइटच्या जागेच्या शून्य बाइट उजवीकडे, एका बाइटचं लेखन.

सॅनिटायझर हे कसं पकडतो तेही दाखवलं. दर आठ बाइटमागे तो एक सावलीचा बाइट ठेवतो, घेतलेल्या प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टे ठेवतो, आणि प्रत्येक वाचन-लेखनाआधी सावली बघतो. त्यामुळे प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू चालतो. म्हणून हे तपासणीचं साधन, हंगामात ठेवायचं नाही.

दुपारी लाइट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर जेवढं झालं तेवढं.

४ सप्टेंबर

बाकीच्या यादीची कुंडली. थोडक्यात.

सिरस पडदा: चित्राचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे नकलून नेणाऱ्या भागात पुन्हापुन्हा चुका सापडल्या. सीव्हीई-२०१७-२६१५ त्यातलीच, उलट्या दिशेने नक्कल करताना हद्दीबाहेर जाणं. क्यूएमूने २.२ पासून सिरस हा आपोआप येणारा पडदा म्हणून केव्हाच सोडला आहे, आमच्या व्हीएममध्ये तो जुन्या एक्सएमएलमुळे राहिला.

सीडी ड्राइव्ह: सीव्हीई-२०१५-५१५४, व्हेनमनंतर दोनच महिन्यांनी.

ई-१०००: नोव्हेंबर २०१८ मध्ये रशियातल्या एका संशोधकाने व्हर्च्युअलबॉक्समधल्या ई-१००० ची अख्खी फोड कंपनीला न कळवता जाहीर केली होती. तो कोड व्हर्च्युअलबॉक्सचा, क्यूएमूचा वेगळा. पण कार्ड तेच, आणि या कार्डाच्या वर्णनकांची (पाकिटाची जागा आणि लांबी सांगणाऱ्या नोंदींची) रचनाच अशी आहे की लांब्यांचा हिशेब चुकवायला भरपूर जागा.

साउंड कार्ड: कशाला हवं, एवढंच.

७ सप्टेंबर, रविवार

भाची परत आली, आज यूएसबी. ही नोंद मोठी होणार, कारण व्हेनमपेक्षा हे प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं.

सीव्हीई-२०२०-१४३६४, ऑगस्ट २०२०, क्यूएमूच्या यूएसबी गाभ्यातली चूक. पाहुणा यूएसबी उपकरणाला सेटअप पाकीट पाठवतो, त्यात पुढच्या माहितीची लांबी असते. क्यूएमूकडे जागा ४०९६ बाइटची. कोड ही लांबी तपासत होता, हे विशेष. जास्त असेल तर नकार देऊन परतही फिरत होता. पण तपासण्याच्या आधीच तो आकडा उपकरणाच्या नोंदीत लिहून बसलेला असायचा. नकार मिळाला तरी नोंदीतला आकडा तसाच, आणि पुढची पाकिटं त्याच आकड्यावर विश्वास ठेवून वाचायची-लिहायची. काट्यावर आधी पावती फाडून द्यावी आणि मग गाडी काट्यावर पूर्ण चढली होती का ते बघावं, तसला प्रकार. दुरुस्तीही तशीच: आधी तपास, मग नोंद.

आता पुढची गोम. भाचीने हेही सीमध्ये उतरवलं. एक स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा), त्यात ८ बाइटचं सेटअप पाकीट, मग ४०९६ बाइटची जागा, मग लगेच स्थिती, लांबी आणि आतापर्यंतची प्रगती हे आकडे. क्यूएमूतही क्रम साधारण असाच आहे. सॅनिटायझर लावला, ४०९६ च्या पुढे चार बाइट लिहिले. सॅनिटायझर गप्प.

ती माझ्याकडे बघत राहिली. “मामा, परवा तं पकडलं होतं यानं.”

परवा जागा एकटी होती, तिच्या कडेला निषिद्ध पट्टा होता. आज जागा आणि तिच्या शेजारचे आकडे एकाच स्ट्रक्टच्या पोटात आहेत. सॅनिटायझरच्या दृष्टीने सगळं मिळून एकच वस्तू, मधे पट्टा नाही. त्यामुळे पाहुणा हद्द ओलांडतो, शेजारचाच ‘लांबी’चा आकडा आपल्याला हवा तसा बदलतो, आणि तरी कुठे घंटी वाजत नाही. स्ट्रक्टच्या बाहेर पाय पडेल तेव्हा वाजेल, पण तोवर लगाम पाहुण्याच्या हातात. ‘सॅनिटायझर लावून तपासलं, स्वच्छ आहे’ असं कोणी म्हटलं की मला हे आठवतं.

मग तेच तिने रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहिलं (व्हिडिओ बघून शिकते आहे, ‘बॉरोइंग’च्या, म्हणजे मेमरी उसनी घेण्याच्या नियमावरून कंपायलरशी भांडण चालू आहे). रस्टमध्ये जागा स्ट्रक्टच्या पोटात असो की बाहेर, ४०९६ व्या घराला हात लावला की प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होऊन थांबतो. व्हीएम मरेल, फुटणार नाही. हंगामात ट्रॉल्या रांगेत असताना काट्याचा व्हीएम मेला तर काका मला फोनवर काय म्हणतील ते माहीत आहे. तरी चुकाऱ्यांची यादी बाहेर जाण्यापेक्षा ते बरं.

१३ सप्टेंबर

काटछाट सुरू. मूळ डिस्कला हात नाही, तिच्यावर ओव्हरले फाइल (फक्त बदल साठवणारी) बनवून त्या नकलेवर प्रयोग.

फ्लॉपी घालवायची तर आय-४४०-एफएक्स सोडून क्यू-३५ हा नवा नकली बोर्ड घ्यावा लागतो, त्यात फ्लॉपी नियंत्रक आपोआप येत नाही. पण क्यू-३५ मध्ये डिस्क साटा या नव्या जोडणीवर जाते, आणि जुन्या आयडीईवर बसवलेलं विंडोज ७ तिथे निळा पडदा देतं, ०x००००००७बी. तसंच झालं. परत जुन्या बोर्डवर चालू करून रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय सेवेचा (साटाच्या ड्रायव्हरचा) ‘स्टार्ट’ शून्य केला, मग क्यू-३५ वर उठलं.

यूएसबीचा तिढा याहून सोपा निघाला. काट्याच्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ वायर येते, तिला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावलेला आहे, आणि तो कन्व्हर्टर अख्खा व्हीएमला दिलेला होता. त्यापायी यूएसबी नियंत्रक. आता कन्व्हर्टर डेबियनने सांभाळायचा, आणि व्हीएमला फक्त साधा सिरियल पोर्ट द्यायचा. आत विंडोजला १६५५० ही सिरियल पोर्टची चिप दिसते, बाहेर वायर तीच. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कॉम-३ चा कॉम-१ केला, वजन आलं. यूएसबी नियंत्रकाला मॉडेल ‘नन’ लिहावं लागतं, नुसती ओळ खोडली तर लिबव्हर्ट तो परत घालतो. व्हीएमची मेमरी कमी-जास्त करणाऱ्या नकली उपकरणाचं, मेमरी बलूनचंही तसंच.

टॅब्लेट गेला की माऊस अडखळतो. काकांना विचारलं. “मले माऊस लागतच नाई. एफ-दोन, एंटर, एफ-पाच.” साउंड कार्डावर मात्र ते नाराज आहेत. वजन स्थिर झालं की सॉफ्टवेअर टुंग वाजवायचं, तो आवाज आता नाही. “टुंग वाजलं की मान वर करावं लागत नव्हती.” इंडिकेटर समोरच आहे, म्हटलं. पटलं नाही त्यांना.

सिरसच्या जागी साधा व्हीजीए. सीडी गेली. नेटवर्क ठेवावं लागतं, पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नेटवर्कवरून चालतो. ई-१००० तसंच ठेवलं, कारण विंडोज ७ साठीचे व्हर्टिओ (खास व्हीएमसाठी बनवलेल्या उपकरणांचे) ड्रायव्हर जुन्या संचातच मिळतात आणि नवीन संचांनी त्याला सोडून दिलं आहे. शिवाय व्हर्टिओ म्हणजे तुळशीचं पान नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये टेन्सेंटच्या चमूने लिनक्सच्या व्ही-होस्ट या व्हर्टिओच्या भागामध्ये बफर ओव्हरफ्लो दाखवला होता (सीव्हीई-२०१९-१४८३५), आणि तो भाग तर यजमानाच्या कर्नलमध्ये चालतो. लिनक्सच्या ‘साठा’वर व्हर्टिओच आहे, राहील.

१९ सप्टेंबर

आज जे सापडलं त्याची किंमत बाकी सगळ्या काटछाटीपेक्षा जास्त असू शकते.

यजमान डेबियनवर अपडेट आपोआप येतात, क्यूएमूचं पॅकेजही ताजं आहे. पण ‘काटा’ची चालू प्रक्रिया कुठल्या फाइलवरून चालते आहे ते पाहिलं, तर नावापुढे ‘डिलीटेड’. म्हणजे डिस्कवर नवीन क्यूएमू आलं, जुनी फाइल पुसली गेली, आणि चालू व्हीएम मेमरीतल्या जुन्याच कोडवर महिनोन्‌महिने बसून आहे. विंडोज आतून रीस्टार्ट केलं तरी फरक पडत नाही, क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून नव्याने चालू केला तरच नवीन कोड लागू होतो.

इथे लाइट इतक्यांदा जाते की सर्व्हर वारंवार नव्याने उठायला हवा होता. पण आपणच मोठा इन्व्हर्टर बसवला.

यावर उपाय म्हणून रविवारी पहाटे तिन्ही व्हीएम क्रमाने बंद-चालू करणारी एक छोटी स्क्रिप्ट. हंगामात पहाटे काटा रिकामा असतो, दिवाणजींकडून खात्री केली.

अ‍ॅपआर्मर (प्रोग्रॅमला ठरावीक फाइलींपुरतं बांधून ठेवणारं लिनक्सचं कुलूप) चालू आहे का तेही बघितलं. आहे. प्रत्येक व्हीएमची प्रक्रिया वेगळ्या चौकटीत, रूट नसलेल्या वापरकर्त्याच्या नावावर. म्हणजे ‘काटा’ फोडून कोणी क्यूएमूत आलाच, तरी ‘हिशेब’ची डिस्क त्याला सरळ उघडता येणार नाही. दुसरं कुलूप फोडावं लागेल.

२१ सप्टेंबर, रविवार

भाचीचा प्रश्न: मग सगळं रस्टमध्येच का लिहीत नाहीत?

लिहितात. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये फायरक्रॅकर काढलं, क्यूएमूसारखंच काम करणारं, रस्टमध्ये, आणि त्यात मोजकीच उपकरणं: नेटवर्क, डिस्क, व्हीसॉक (पाहुणा-यजमान संवादाची वाट), सिरियल आणि कीबोर्ड नियंत्रकाचा अगदी तुकडा. फ्लॉपी नाही, पडदा नाही. माझ्या मते त्याच्या सुरक्षिततेत रस्टइतकाच वाटा या छोट्या यादीचा आहे. आणि तरी २०१९ मध्ये त्याच्या ०.१८ आणि ०.१९ आवृत्त्यांत व्हीसॉकमध्ये बफर ओव्हरफ्लो निघालाच (सीव्हीई-२०१९-१८९६०). पाहुण्याची मेमरी वाचायला कुठेतरी ‘अनसेफ’ लिहावंच लागतं, आणि तिथे कंपायलर हात वर करतो.

क्यूएमूतही सुरुवात झाली आहे. डिसेंबर २०२४ च्या ९.२ मध्ये आर्मचा एक सिरियल पोर्ट रस्टमध्ये आला, १०.० मध्ये एचपीईटी घड्याळ. दोन्ही प्रायोगिक, बांधणी करताना मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. घाटंजीच्या या सर्व्हरवर त्याचा उपयोग व्हायला बराच काळ जाईल.

तिला एक तारीख सांगितली ती आवडली: व्हेनम १३ मे २०१५, रस्ट १.० आलं १५ मे २०१५.

२८ सप्टेंबर

दिवाणजींनी मधेच नेमकं विचारलं: “आपल्यासारख्या जिनिंगले कोण हॅक करते हो?”

प्रामाणिक उत्तर: व्हीएम फोडणारी ताजी, कोणाला माहीत नसलेली चूक आपल्यावर कोणी खर्च करणार नाही. तिला मोठा भाव आहे. मे २०२५ मध्ये बर्लिनच्या पोन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत व्हीएमवेअर ईएसएक्सआय (कंपन्यांत व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) फोडणाऱ्याला दीड लाख डॉलर मिळाले. पण जुनी, जाहीर झालेली, दुरुस्त होऊनही न बसवलेली चूक फुकट असते आणि ती यंत्राने शोधता येते. फेब्रुवारी २०२३ मधली ईएसएक्सआयवरची खंडणीची लाट तशीच होती. फ्रान्सच्या सर्टने (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी चमूने) बोट दाखवलं ते ओपनएसएलपी सेवेतल्या हीप ओव्हरफ्लोकडे, सीव्हीई-२०२१-२१९७४, आणि त्याची दुरुस्ती दोन वर्षं आधीच निघालेली होती. त्यात व्हीएमच्या आतून यायचीसुद्धा गरज नव्हती, नेटवर्कवरून सरळ यजमानावर.

म्हणून आज नेटवर्क. ‘काटा’ला इंटरनेट बंद, फक्त प्रिंटर आणि ‘हिशेब’कडे जाणारं एक फोल्डर. सॉफ्टवेअरवाल्याचा तंत्रज्ञ दूरून पडदा घेऊन काम करतो, त्याला आता आधी फोन करावा लागेल. लिबव्हर्टचं नियंत्रण फक्त यजमानावरून.

४ ऑक्टोबर

दसऱ्याला काट्याची पूजा झाली, आज मूळ डिस्क नवीन बोर्डवर चढवली. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन घेतलं, पावत्या जुन्याशी ताडून पाहिल्या. बरोबर. ‘इन्फो क्यूट्री’ आता एका पडद्यात मावते.

१६ ऑक्टोबर

परवा, १४ तारखेला, विंडोज १० चाही आधार संपला. म्हणजे ‘हिशेब’ आता ‘काटा’च्याच पंगतीत. त्याची यादी काढली: यूएसबी आहे, साउंड आहे, सीडी आहे. फ्लॉपीही आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची लायसन्स डोंगल यूएसबीवर आहे, त्यामुळे तिथला यूएसबी नियंत्रक काढता येणार नाही. बाकीचं काढतो. डोंगलशिवाय परवाना मिळतो का, ते त्या लोकांना विचारलं आहे.

काकांनी टुंगचा विषय पुन्हा काढला. इंडिकेटरलाच बझर लावून घेऊ, म्हटलं.